मुलाच्या बुद्धीची सांगोपांग तपासणी

मराठी शाळांतून ‘ढ’ ह्या एका अक्षरानें जितक्या मुलांचें नुकसान केलें असेल, तितकें गणिताच्या कोणत्याही अवघड प्रमेयानें केलें नसेल. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बहुतेक अक्षरांनीं आपलीं रूपें पालटलीं. एक ‘ढ’ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याची प्रगति होत नाहीं अशा विद्यार्थ्यास लोक ‘ढ’ म्हणूं लागले, अशी ह्या शब्दाची उपपत्ति सांगतात. उपपत्ति मौजेची आहे. परंतु ज्या मुलाच्या कपाळीं हें अक्षर बसतें त्यास ती मौजेची वाटत नाहीं. शिवाय हा शब्द उच्चारला कीं विचार थांबतो. मूल ‘ढ’ आहे असें एकदां ठरलें, म्हणजे तें नेमकें कोठें अडतें व कां अडतें हें पाहण्याची कोणास गरज उरत नाहीं. हें पाहण्याचें एक शास्त्र आहे. त्याविषयीं, आमच्या डोळ्यांसमोर घडलेल्या एका प्रसंगाच्या आधारें, पालकांस व विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे असा ह्या लेखाचा हेतु आहे.

आमच्या शाळेंत मुरगूडचीं मुलें येतात तशीं वेदगंगेच्या कांठच्या खेड्यांतूनही येतात. बहुतेक घरें शेतकऱ्यांचीं. ऊंस, भात व दुभतीं जनावरें ह्यांवर त्यांचा संसार चालतो. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका घरचा मुलगा पांचवीच्या वर्गांत आला. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वर्गांत इतिहासाची गोष्ट सांगितली, तर आठ दिवसांनीं तो ती क्रमवार सांगे. बाजाराच्या दिवशीं आईबरोबर भाजी विकावयास बसे, तेव्हां पावणेदोन किलोचा हिशेब तोंडीं करून सुटे पैसे परत देई. परंतु पुस्तकांतील चार ओळी वाचावयास सांगितल्या कीं त्यास घाम फुटे. ‘घर’चें ‘धर’ होई, ‘सूर्य’चें ‘सूरय’ होई, ओळ सुटे, आणि वर्ग हंसूं लागे. वहींत लिहिलेलीं उत्तरें तर त्याचीं त्यालाच वाचतां येत नसत.

सहामाहीच्या निकालानंतर त्याचे वडील शाळेंत आले ते निश्चय करूनच. ‘सर, ह्याचं डोस्कं पुस्तकात चालत न्हाई. आता मळ्याकडं घालतो. उगं वरीस वाया कशाला?’ असें ते म्हणाले. आई दाराशीं उभी होती. ती एवढेंच म्हणाली, ‘पोरगं माझं येडं न्हाई हो, सर. बाजारात मलाच हिशोब शिकवतंय.’ दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. पुस्तकांत त्याचें चालत नव्हतें हें खरें, आणि तो वेडा नव्हता हेंही खरें. ह्या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न होता, आणि मुलगा शाळेंत राहणार कीं जाणार हें त्या उत्तरावर अवलंबून होतें.

त्यापूर्वीं एका शहरीं नेऊन त्याची ‘बुद्धि मोजून’ आणिली होती. वीस-पंचवीस मिनिटांत तें काम उरकलें आणि चिठ्ठीवर एक आंकडा लिहून मिळाला. तो आंकडा सर्वसाधारण मुलाहून बराच खालचा होता. वडिलांनीं ती चिठ्ठी सातबाराच्या उताऱ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेविली होती. कोर्टाचा निकाल जपावा तशी. आम्हीं त्यांस एवढीच विनंति केली कीं, मळ्याचा निर्णय दोन महिने पुढें ढकलावा, आणि तोंवर मुलाची सांगोपांग तपासणी करून घ्यावी. आईनें ती विनंति उचलून धरली, म्हणून ती मान्य झाली.

आतां ह्या तपासणीचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. जोंपर्यंत शाळा थोड्यांसाठीं होती, तोंपर्यंत ज्यास शिकतां येत नसे तो आपोआप शाळेबाहेर राही, आणि त्याचा प्रश्न कोणासच पडत नसे. फ्रान्स देशांत १८८२ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें, आणि सर्व थरांतील मुलें वर्गांत येऊन बसलीं. कांहींस नेहमींच्या पद्धतीनें शिकतां येईना. तेव्हां १९०४ सालीं तेथील सरकारनें एक समिति नेमिली, आणि त्या समितींतील आल्फ्रेड बीने ह्यांनीं सिमों ह्यांच्या साहाय्यानें १९०५ सालीं बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. तिचा उद्देश मुलांस शाळेबाहेर काढण्याचा नव्हता. कोणास अधिक मदतीची गरज आहे हें ओळखण्याचा होता. बुद्धि ही जन्मतःच कायमची ठरलेली व न वाढणारी वस्तु आहे, हें मत बीने ह्यांस मुळींच मान्य नव्हतें. आपल्या करवीर संस्थानांत राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. सर्वांस शाळेंत बोलाविल्यावर सर्वांस शिकविण्याची जबाबदारीही ओघानें येतेच.

आपल्या देशांत हें काम प्रथम हातीं घेणारांपैकीं एक मिशनरी शिक्षक होते. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजांतील सी. हर्बर्ट राइस ह्यांनीं १९२२ सालीं बीनेच्या श्रेणीचें हिंदुस्थानी रूप सिद्ध केलें. कोल्हापुरांत ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननें शाळा व दवाखाने चालविले, त्याच मिशनचें तें कॉलेज होतें. पुढें धारवाडकडे व्ही. व्ही. कामत ह्यांनीं कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांकरितां ती श्रेणी नव्यानें बसविली, १९३४ सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि १९४० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. बीने-कामत ह्या जोडनांवानें ती चांचणी आजही ओळखली जाते. मुंबईस १९३७ सालीं टाटांच्या समाजकार्य विद्यालयांत बालमार्गदर्शनाचें केंद्र निघालें. आणि नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रांतून आर्थर मॅलिन ह्यांची भारतीय मुलांसाठींची चांचणी १९६९ सालीं बाहेर पडली. तात्पर्य, हें शास्त्र कालपरवां परदेशांतून आलेलें फॅड नव्हे. आपल्या मराठी मुलखांत त्याची जोपासना होऊन नव्वद वर्षें होत आलीं.

परंतु बुद्धीचा एक आंकडा काढणें निराळें आणि सांगोपांग तपासणी निराळी. डॉक्टर लोक जिला ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’ म्हणतात, तिला मराठींत मज्जामानसशास्त्रीय तपासणी म्हणतां येईल. दुसऱ्या महायुद्धांत मेंदूस जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करितांना रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया ह्यांच्या लक्षांत आलें कीं, वाचणें, लिहिणें, बोलणें ह्यांपैकीं कोणतेंही काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यांत होत नाहीं. अनेक भाग एकत्र राबतात तेव्हां तें होतें. म्हणून दोन माणसांस वाचतां येत नसलें, तरी दोघांचीं कारणें भिन्न असूं शकतात. एकास अक्षराचा आकार ओळखतां येत नाहीं, दुसऱ्यास ध्वनि वेगळे करितां येत नाहींत, तिसऱ्याचें अवधान टिकत नाहीं, आणि चवथ्यास सारें येतें, पण वेळ फार लागतो. हें आम्हीं त्या मुलाच्या वडिलांस पंपाच्या उदाहरणानें सांगितलें. विहिरीवरचा पंप पाणी ओढीत नाहीं, म्हणून कोणी पंप भंगारांत देत नाहीं. फ्यूज गेला आहे काय, व्होल्टेज कमी आहे काय, फूटव्हॉल्व्ह गळतो काय, पाइप चिरला आहे काय, हें तो एकामागून एक पाहतो. वडील चटकन् म्हणाले, ‘म्हंजे मोटार चांगली असंल, पर फूटव्हॉल्व्ह गळत असंल!’ ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस पुस्तकांतही आढळली नाहीं.

तपासणी दोन दिवस चालली. पहिल्या दिवशीं आईवडिलांस पुष्कळ प्रश्न विचारण्यांत आले: मूल वेळेवर जन्मलें काय, चालूं व बोलूं केव्हां लागलें, मोठा ताप किंवा झटके आले होते काय, डोक्यास मार लागला होता काय, घरांत आणखी कोणास वाचण्याची अडचण होती काय. ह्या शेवटच्या प्रश्नावर वडील क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले कीं, आपणांसही चवथीच्या पुढें वाचतां आलें नाहीं. ही अडचण पुष्कळदां घराण्यांत चालत येते, असें तज्ज्ञांनीं त्यांस सांगितलें. नंतर डोळे व कान तपासले. हें आधीं झालेंच पाहिजे. कारण ज्यास फळा नीट दिसत नाहीं, किंवा मागच्या बांकावर ऐकूं येत नाहीं, त्याची बुद्धि मोजणें हा अन्यायच होय. शाळेंतून प्रगतिपुस्तक, वह्या व शिक्षकांचें लेखी मत मागविलें होतें. तें आम्हीं दिलें.

मग मुलाची पाळी आली. ठोकळ्यांच्या आकृत्या जुळविणें, चित्रांतील उणीव ओळखणें, शब्दांचे अर्थ व दोन वस्तूंतील साम्य सांगणें, अंक ऐकून सरळ व उलट म्हणणें, एखादी गोष्ट ऐकून लगेच व अर्ध्या तासानें पुन्हां सांगणें, अवघड आकृति पाहून काढणें व मग आठवणीनें काढणें, विखुरलेले आंकडे क्रमानें रेघेनें जोडणें, अशीं कामें त्यास दिलीं. त्यावरून भाषा, दृष्टि व हात ह्यांचा मेळ, स्मृति, अवधान, कामाचा वेग आणि योजना आंखण्याची शक्ति, ह्या प्रत्येकीचा निराळा अंदाज येतो. शेवटीं वाचन, लेखन व गणित ह्यांची परीक्षा झाली. मध्यंतरीं त्यास विश्रांति दिली, खाऊं दिलें, आणि तो दमला तेव्हां काम थांबविलें. दमलेल्या किंवा भ्यालेल्या मुलाचे गुण हे त्याच्या थकव्याचे किंवा भीतीचे गुण होत. वीस मिनिटांच्या चिठ्ठींत हा विवेक राहत नाहीं.

येथें भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मराठी मुलाची परीक्षा मराठींतच व्हावी. इंग्रजींत चाळीस-पंचेचाळीस ध्वनि सव्वीस अक्षरांत कोंबलेले आहेत, म्हणून तेथील अडचण एक प्रकारची; देवनागरींतील अडचण दुसऱ्या प्रकारची. आपल्याकडे ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं येते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’ ह्या शब्दांत र् आधीं ऐकूं येतो, पण रफार मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. घ आणि ध, भ आणि म ह्यांत एखाद्या वळणाचाच फरक. जोडाक्षरांची तर गणतीच नको. इंग्रजी प्रश्नपत्रिकेचें तोंडीं भाषांतर करून काढलेला निष्कर्ष ह्यामुळें विश्वासार्ह होत नाहीं. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें ‘डाली’ नांवाचें साधन २०१५ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत हिंदी, कानडी व इंग्रजी ह्यांबरोबर मराठीही आहे. त्याचा एक भाग वर्गशिक्षकानें पाहणी करण्याकरितां आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनें तयार केलेल्या चांचण्याही देशांत सर्वत्र मान्य आहेत.

आठ-दहा दिवसांनीं लेखी अहवाल मिळाला, आणि तो तज्ज्ञांनीं आईवडिलांस समोर बसवून वाचून दाखविला. कान उत्तम, डोळ्यांस सौम्य चष्मा हवा. तोंडीं आकलन व विचारशक्ति वयाच्या मानानें चांगली, किंबहुना सरासरीहून थोडी वरच. ऐकलेल्या गोष्टीची स्मृति चांगली. परंतु शब्दांतील ध्वनि सुटे करणें व त्यांस अक्षरांशीं जोडणें ह्यांत मोठी उणीव. वाचन दुसरीच्या मुलाइतकें, लेखन त्याहून थोडें कमी. निष्कर्ष असा कीं, मुलास वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, मतिमंदत्व नाहीं. पूर्वींच्या चिठ्ठीचा उलगडाही झाला. त्या परीक्षेंत प्रश्न मुलानें स्वतः वाचून सोडवावयाचे होते. ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास वाचावयास लावून त्याची बुद्धि मोजली होती! वडिलांनीं पिशवींतून ती चिठ्ठी काढली, एकदां पाहिली, आणि सातबाराच्या कागदांतून वेगळी करून खिशांत घातली. आई रडूं लागली. आणि मुलगा तिला म्हणाला, ‘आगं, मी येडा न्हाई म्हणत्यात, मग रडतीस कशाला?’

अहवालाचें खरें मोल त्याच्या शेवटच्या दोन पानांत होतें; कारण पुढें काय करावें हें तेथें लिहिलें होतें. त्याप्रमाणें शाळेंत व्यवस्था केली. रोज पंचवीस मिनिटें त्यास ध्वनि व अक्षर ह्यांचे पाठ, अगदीं मुळापासून, बोटानें वाळूंत गिरवून व मोठ्यानें उच्चारून दिले. इतिहास-भूगोलाचे प्रश्न त्यास वाचून दाखवावे व उत्तरें तोंडीं घ्यावीं असें ठरलें. वर्गांत अचानक उभें करून मोठ्यानें वाचावयास लावणें बंद झालें. फळ्यावरील मजकूर उतरून घेण्याऐवजीं त्यास छापील कागद मिळूं लागला. चमत्कार कांहीं झाला नाहीं, आणि होतही नसतो. आज तो आठवींत आहे. वाचन अद्याप मंद आहे, शुद्धलेखनांत चुका पुष्कळ आहेत, आणि कंटाळून वही फेंकण्याचे दिवसही येतात. परंतु तो शाळेंत आहे, इतिहासांत वर्गांतील पहिल्या पांचांत आहे, आणि सुटीच्या दिवशीं वडिलांबरोबर मळ्यांतही आहे.

पालकहो, आपल्या मुलाविषयीं अशी शंका आली तर काय करावें? प्रथम वर्गशिक्षकाशीं बोलावें, आणि डोळे व कान तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें सुरू झाला. त्याचीं वैद्यकीय पथकें शाळांतून येऊन मुलांची मोफत तपासणी करितात. त्यांस आपली शंका मोकळेपणानें सांगावी. सरकारी चौकशीसाठीं आपल्या जिल्ह्यांत प्रथम कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयांत जावें. खाजगी तज्ज्ञाकडे गेलांत, तर चार प्रश्न आधींच विचारावे: परीक्षा मराठींत होईल काय? कोणकोणत्या शक्ति पाहिल्या जातील? अहवाल लेखी व समजावून मिळेल काय? आणि शाळेनें काय करावें हें त्यांत असेल काय? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर ‘नाहीं’ असेल, तर पैसे खर्चण्यापूर्वीं दुसरीकडे चौकशी करावी. जातांना जन्मनोंद, जुने औषधोपचाराचे कागद, प्रगतिपुस्तकें व दोन-तीन वह्या बरोबर न्याव्या. मुलाची झोंप पुरी झालेली असावी. आणि ‘तुला वेड्याच्या डॉक्टराकडे नेतों’ असें चुकूनही म्हणूं नये. ‘तुला कसें शिकविलें म्हणजे सोपें जाईल तें पाहण्यास जातों’ असें सांगावें; खरेंही तेंच आहे.

तपासणीचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेंही ध्यानांत असावें. महाराष्ट्र शासनानें १९९६ सालींच अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देण्यास आरंभ केला, आणि जादा वेळ ही त्यांतील प्रमुख होय. पुढें दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला, त्यांत एकवीस प्रकारांमध्यें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा प्रथमच समावेश झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यांत ती नव्हती. प्रमाणपत्राकरितां २०१८ सालीं केंद्र सरकारनें ज्या सूचना काढल्या, त्यांत आठ वर्षें पुरीं झाल्यावर प्रमाणपत्र, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षीं फेरतपासणी, असा क्रम घातला होता. २०२४ सालीं ह्या सूचना सुधारल्या; म्हणून अर्ज करण्यापूर्वीं रुग्णालयांत ताजा नियम विचारून घ्यावा. दहावीच्या वर्षीं धांवाधांव करण्यापेक्षां तिसरी-चवथींतच पाऊल उचललेलें बरें.

कित्येक पालक ‘शिक्का बसेल’ म्हणून कचरतात. ही भीति आम्हांस ठाऊक आहे, आणि ती अगदींच निराधार आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं, लोक बोलतात. परंतु शिक्का मुलावर आधींच बसलेला असतो. आळशी, उनाड, मठ्ठ, हे शिक्केच आहेत, आणि ते कोणतीही परीक्षा न घेतां मारलेले असतात. तपासणीनें मिळणारें नांव निदान खरें असतें, त्यास उपाय जोडलेला असतो, आणि तें चारचौघांत सांगण्याची सक्ति नसते. अहवाल मुलाच्या व घराच्या मालकीचा. तो ज्यांस शिकवावयाचें आहे त्यांनींच पाहावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेही थोडें काम आहे. शेजारचा मुलगा वाचतांना अडखळला तर हंसूं नका. त्याच्या ओळीवर हळूच बोट ठेवा. परीक्षेंत त्यास अर्धा तास अधिक मिळाला तर तो अन्याय समजूं नका. चष्मा लावून बसलेल्या मुलास कोणी लबाड म्हणत नाहीं. हा वेळही तसाच समजावा. आणि तुम्हांपैकीं कोणास अक्षरें नाचतांना दिसत असतील, किंवा रात्रभर पाठ करूनही सकाळीं कागद कोरा राहत असेल, तर तें लपवूं नका. मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींत या आणि सांगा. तेथें तुमचें ऐकून घेण्यास कोणी ना कोणी बसलेलें असतेंच.